वेश, संज्ञा आणि इतिहास : अमेरिकेतील समलैंगिक स्त्रियांच्या समुदायातील ‘बुच’ व ‘फेम’ या ओळखींचा ऐतिहासिक अभ्यास

सारांश

विसाव्या शतकाच्या मध्यास अमेरिकेच्या औद्योगिक शहरांतील समलैंगिक स्त्रियांमध्ये ‘बुच’ आणि ‘फेम’ या दोन संज्ञा रूढ होत्या. पुरुषी वेश व वर्तन स्वीकारणारी ती बुच आणि रूढ स्त्रीवेशात वावरून बुच स्त्रीशी नाते जोडणारी ती फेम, असा त्यांचा स्थूल अर्थ होता. वैद्यकशास्त्र, पोलीस यंत्रणा, सुधारणावादी संघटना आणि स्त्रीवादी चळवळ या चारही घटकांनी या संज्ञांचा अर्थ आपापल्या सोयीने लावला. त्यामुळे डोळ्यांत भरणारी बुच स्त्री शिक्षेची व टीकेची धनी झाली, तर फेम स्त्री इतिहासातून जवळजवळ नाहीशी झाली. या दोघींना इतिहासात पुन्हा स्थान मिळाले ते मौखिक इतिहास आणि समुदायाने स्वतः उभारलेले अभिलेखागार यांच्यामुळे, असे प्रतिपादन प्रस्तुत निबंधात केले आहे.

बीजसंज्ञा : लिंगभाव-अभिव्यक्ती, बुच, फेम, कामगार वर्ग, मौखिक इतिहास, अभिलेखागार

१. प्रस्तावना

इतिहासलेखनाचा मुख्य आधार कागदपत्रे हा आहे. ज्यांनी स्वतः कागद मागे ठेवले नाहीत, त्यांचा इतिहास इतरांनी त्यांच्याविषयी केलेल्या नोंदींतून वाचावा लागतो. समलैंगिक स्त्रियांच्या बाबतीत अशा नोंदी प्रामुख्याने डॉक्टरांच्या, पोलिसांच्या आणि न्यायालयांच्या आहेत. पत्रे जाळली जात, छायाचित्रे लपवली जात आणि मृत्यूनंतर नातेवाईक उरलेसुरले नष्ट करीत. अशा स्थितीत एखादा समुदाय स्वतःसाठी जे शब्द घडवतो, ते शब्दच इतिहासाचे साधन ठरतात.

येथे दोन संकल्पनांतील भेद स्पष्ट करणे आवश्यक आहे. एखाद्या व्यक्तीला कोणाविषयी आकर्षण वाटते, हा तिचा लैंगिक कल होय. ती व्यक्ती वेश, केशरचना, चालणे-बोलणे यांतून स्त्रीत्व वा पुरुषत्व कसे प्रकट करते, ही तिची लिंगभाव-अभिव्यक्ती होय. ‘लेस्बियन’ ही संज्ञा कल सांगते. ‘बुच’ आणि ‘फेम’ या संज्ञा कलाबरोबरच अभिव्यक्तीही सांगतात. त्यांना मराठीत नेमके प्रतिशब्द नाहीत. ‘पुरुषी’ आणि ‘बायकी’ ही विशेषणे जवळची वाटली, तरी मराठीत ती बहुधा हिणवण्यासाठी वापरली जातात आणि त्यांतून नात्याचा बोध होत नाही. म्हणून प्रस्तुत निबंधात मूळ शब्दच कायम ठेवले आहेत.

या संज्ञांचा उगम कोठे आहे, त्यांनी दैनंदिन व्यवहारात कोणते कार्य केले, त्यांना विरोध कोणी व का केला आणि त्यांचा इतिहास कसा परत मिळवला गेला, या चार प्रश्नांचा विचार पुढे केला आहे. विवेचनाचा भर न्यूयॉर्क राज्यातील बफेलो या शहरावर आहे, कारण तेथील समुदायाचा सर्वांत सखोल अभ्यास उपलब्ध आहे.

२. पूर्वपीठिका : वैद्यक, कादंबरी आणि रंगमंच

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात युरोपीय वैद्यकाने समलैंगिकतेकडे विकृती म्हणून पाहण्यास प्रारंभ केला. क्राफ्ट-एबिंग यांचा ‘सायकोपाथिया सेक्शुॲलिस’ हा ग्रंथ १८८६ मध्ये, तर हॅवलॉक एलिस यांचा ‘सेक्शुअल इन्व्हर्जन’ हा ग्रंथ इंग्रजीत १८९७ मध्ये प्रसिद्ध झाला. या विचारसरणीनुसार खरी ‘विपर्यस्त’ स्त्री ती, जिच्या ठायी पुरुषी लक्षणे आहेत. तिच्यावर प्रेम करणाऱ्या, स्त्रीसुलभ वागणाऱ्या स्त्रीचे स्पष्टीकरण मात्र या शास्त्राजवळ नव्हते. एलिस यांनी अशा स्त्रियांना एक निष्क्रिय, दुय्यम वर्ग मानले. फेमच्या अदृश्यतेची सुरुवात येथे होते, असे म्हणता येईल.

रॅडक्लिफ हॉल यांच्या ‘द वेल ऑफ लोनलीनेस’ (१९२८) या कादंबरीस एलिस यांनी अभिप्राय लिहिला होता. पुरुषी वेशात वावरणारी स्टीफन ही तिची नायिका. लंडनच्या न्यायालयाने १९२८ मध्ये ही कादंबरी अश्लील ठरवली. न्यूयॉर्कमध्ये मात्र १९२९ साली ती या आरोपातून मुक्त झाली आणि पुढील अनेक दशके अमेरिकेत वाचली गेली. कादंबरीच्या शेवटी स्टीफन आपल्या प्रेयसीला, मेरीला, एका पुरुषाकडे जाण्यास भाग पाडते. म्हणजे साहित्यातही स्त्रीवेशातील प्रेयसी ही अखेर ‘सर्वसामान्य’ जगात परतणारी स्त्रीच ठरली.

याच काळात न्यूयॉर्कच्या हार्लेम भागात कृष्णवर्णीय समाजाची स्वतंत्र परंपरा आकारास येत होती. पांढरा टक्सिडो आणि उंच टोपी घालून गाणारी ग्लॅडिस बेंटली (१९०७–१९६०) तेथील अत्यंत लोकप्रिय कलावंत होती. मा रेनी यांनी १९२८ मध्ये ध्वनिमुद्रित केलेल्या ‘प्रूव्ह इट ऑन मी ब्लूज’ या गीतात पुरुषी वेश व स्त्रियांची सोबत यांचा उघड उल्लेख आहे. मात्र काळ पालटला, तेव्हा याच बेंटलीने १९५२ साली ‘एबनी’ मासिकात लेख लिहून आपण उपचारांनी पुन्हा ‘स्त्री’ झाल्याचे जाहीर केले. राजकीय दडपणाच्या त्या वर्षांत पुरुषी वेशाची किंमत किती वाढली होती, हे यावरून दिसते.

पुरुषांच्या जगातही वर्गीकरणाचे मूळ लिंगभाव-अभिव्यक्तीतच होते. जॉर्ज चॉन्सी यांनी ‘गे न्यूयॉर्क’ (१९९४) या ग्रंथात दाखवल्याप्रमाणे, विसाव्या शतकाच्या आरंभी न्यूयॉर्कच्या कामगार वस्त्यांत स्त्रैण वागणाऱ्या पुरुषास ‘फेअरी’ म्हणत. त्याच्याशी संबंध ठेवणारा पुरुष, तो पुरुषासारखा वागत असेल तोवर, ‘सामान्य’च समजला जाई. पुरुषांची ‘समलैंगिक’ व ‘भिन्नलैंगिक’ अशी दोन कप्प्यांत विभागणी त्यानंतर रूढ झाली.

३. युद्ध, कारखाना आणि बार

दुसऱ्या महायुद्धाने अमेरिकी स्त्रियांचे जीवन बदलले. पुरुष आघाडीवर गेल्याने कारखान्यांचे दरवाजे स्त्रियांना उघडले. स्वतंत्र वेतन हाती आले, एकट्या स्त्रीने रात्री बाहेर पडणे पूर्वीइतके संशयास्पद राहिले नाही आणि पँट घालून रस्त्यावर वावरणे सर्वसामान्य झाले. बफेलो हे एरी सरोवराच्या काठचे पोलाद, मोटारी व पिठाच्या गिरण्यांचे शहर. तेथे या बदलांचा परिणाम ठळकपणे जाणवला.

एलिझाबेथ लॅपोव्हस्की केनेडी आणि मॅडेलिन डेव्हिस यांनी १९७८ मध्ये या शहरातील समलैंगिक स्त्रियांच्या आठवणी ध्वनिमुद्रित करण्याचा प्रकल्प सुरू केला. त्यातून सिद्ध झालेला ‘बूट्स ऑफ लेदर, स्लिपर्स ऑफ गोल्ड’ हा ग्रंथ १९९३ मध्ये प्रकाशित झाला. ४५ स्त्रियांच्या कथनांवर आधारलेल्या या ग्रंथात १९३० ते १९६० च्या दशकांतील समुदायाचे चित्र आहे. १९३० च्या दशकातील तुरळक, खाजगी भेटीगाठींच्या जागी १९४० च्या दशकात बारमधील सार्वजनिक जीवन आले. कृष्णवर्णीय स्त्रियांचे सामाजिक जीवन मात्र बराच काळ बारपेक्षा घरगुती मेजवान्यांभोवती फिरत होते. त्यामागे वर्णभेदाचे वास्तव होते.

बार ही केवळ मद्यपानाची जागा नव्हती. भाड्याच्या खोलीत वा आईवडिलांच्या घरी राहणाऱ्या कामगार स्त्रीला भेटीगाठीसाठी दुसरी जागाच नव्हती. मैत्री जुळणे, भांडणे मिटणे, नोकरीची बातमी कळणे, आजारपणात मदत मिळणे हे सर्व तेथेच घडे. या वातावरणात बुच व फेम या संज्ञांना निश्चित आशय प्राप्त झाला.

४. संज्ञांचे व्यावहारिक कार्य

‘बुच’ हा शब्द अमेरिकी बोलीत पूर्वी दांडगट मुलाचे टोपणनाव म्हणून प्रचलित होता. ‘फेम’ हा स्त्रीवाचक फ्रेंच शब्दावरून आला. बारमध्ये या दोन शब्दांनी तीन कार्ये केली.

पहिले कार्य परस्पर ओळखीचे. बाहेरच्या जगात ज्या स्त्रियांना एकमेकींना ओळखण्याची सोय नव्हती, त्यांना वेशातून ते साधता आले. इस्त्रीचा शर्ट, मागे वळवलेले आखूड केस आणि पुरुषी बूट यांतून बुच स्त्री आपली ओळख जाहीर करी. फेमची ओळख मुख्यतः बुचच्या सोबतीने होत असे. दोघी हातात हात घालून रस्त्याने निघाल्या म्हणजे त्यांचे नाते लपत नसे.

दुसरे कार्य वर्तनाच्या नियमनाचे. नृत्यासाठी कोणी कोणास विचारावे, कोणी कोणाशी स्पर्धा करावी, याचे संकेत ठरलेले होते. नवख्या मुलीला ‘तू कोण?’ असा प्रश्न विचारला जाई आणि उत्तर देणे भाग असे. दोन्हींपैकी एकही भूमिका न घेणाऱ्या किंवा दोन्हींत वावरणाऱ्या स्त्रीस ‘किकी’ म्हणत, आणि हा शब्द कौतुकाचा नव्हता. म्हणजेच या संज्ञा आश्रय देत होत्या, तशाच त्या बंधनही घालत होत्या.

तिसरे कार्य शरीरसंबंधांना भाषा देण्याचे. जोडीदारास सुख देणारी, पण स्वतःच्या शरीरास स्पर्श करू न देणारी बुच ‘स्टोन बुच’ म्हणून ओळखली जाई. केनेडी व डेव्हिस यांनी नोंदवलेला निष्कर्ष येथे महत्त्वाचा आहे. या व्यवस्थेत फेमचे सुख केंद्रस्थानी होते आणि ते साधण्यातच बुचचा मान होता. त्या काळातील पती-पत्नी संबंधांच्या रूढ कल्पनेपेक्षा हे भिन्न होते. म्हणून बुच-फेम नाते ही विवाहसंस्थेची नक्कल होती, हा आक्षेप पूर्णतः टिकत नाही. पुरुषत्व-स्त्रीत्वाची सामग्री भोवतालच्या समाजातूनच घेतली होती, परंतु तिची मांडणी वेगळी होती.

अर्थकारणाच्या बाबतीतही हे दिसते. १९४० च्या दशकातील अनेक बुच स्त्रिया कामाच्या ठिकाणी स्त्रीवेश घालत आणि आठवड्याच्या अखेरीस वेश बदलत. १९५० च्या दशकातील तरुण, लढाऊ बुच स्त्रियांनी हा दुटप्पीपणा नाकारला. परिणामी त्यांना काम मिळणे कठीण झाले. फेम स्त्री कार्यालयात, दुकानात वा उपाहारगृहात सहज नोकरी करू शके. त्यामुळे अनेकदा संसार तिच्या वेतनावर चाले. ‘कमावता नवरा आणि अवलंबून असणारी बायको’ हे समीकरण येथे नेमके उलटलेले दिसते.

५. पोलीस आणि कायदा

अमेरिकेतील अनेक शहरांत विरुद्धलिंगी वेशास मनाई करणारे स्थानिक कायदे होते. सॅन फ्रान्सिस्कोचा असा कायदा १८६३ चा आहे आणि तो १९७४ पर्यंत अस्तित्वात होता. न्यूयॉर्क राज्यात १८४५ च्या वेषांतरबंदी कायद्याचा आधार घेतला जाई. स्वतःच्या लिंगाची किमान तीन वस्त्रे अंगावर नसतील तर अटक होते, असे त्या पिढीतील असंख्य स्त्रियांनी सांगितले आहे. तीन वस्त्रांचा उल्लेख असणारा लिखित कायदा संशोधकांना आढळलेला नाही. तरीही या स्मृतीचे मोल कमी होत नाही. पोलिसांच्या लहरीला समुदायाने दिलेले ते मोजता येण्याजोगे रूप होते. नियम माहीत असला, की भीतीला मर्यादा पडते.

राष्ट्रीय पातळीवरही दडपण वाढत होते. राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांनी २७ एप्रिल १९५३ रोजी काढलेल्या १०४५० क्रमांकाच्या आदेशाने ‘लैंगिक विकृती’ हे सरकारी नोकरीसाठी अपात्रतेचे कारण ठरवले. छाप्यांत सर्वांत आधी नजरेत येई ती बुच. वेशाचे कारण फेमला लागू पडत नसल्याने पोलिसांच्या दृष्टीने ती बहुधा एक वाट चुकलेली स्त्री असे.

सरकारी कागद किती अपुरे असतात, याचे बोलके उदाहरण मेबल हॅम्प्टन (१९०२–१९८९) यांचे आहे. हार्लेमच्या रंगमंचावर नृत्य केलेल्या आणि पुढे घरकाम करून उदरनिर्वाह केलेल्या या कृष्णवर्णीय स्त्रीला तरुणपणी वेश्याव्यवसायाच्या आरोपावरून बेडफर्ड हिल्स येथील सुधारगृहात पाठवण्यात आले होते. सरकारी दप्तरात त्यांची ओळख ‘गुन्हेगार’ एवढीच उरली असती. लिलियन फॉस्टर यांच्याशी १९३२ मध्ये जुळलेले आणि फॉस्टर यांच्या १९७८ मधील मृत्यूपर्यंत टिकलेले त्यांचे सहजीवन आपल्याला ज्ञात आहे, ते त्यांनी स्वतःच्या आवाजात ते सांगून ठेवले म्हणून.

६. सभ्यतेचा आग्रह

१९५५ मध्ये सॅन फ्रान्सिस्को येथे चार जोडप्यांनी ‘डॉटर्स ऑफ बिलिटिस’ ही समलैंगिक स्त्रियांची संघटना स्थापन केली. डेल मार्टिन व फिलिस लायन या तिच्या प्रमुख प्रवर्तक. छाप्यांची भीती असलेल्या बारना पर्याय देणे, हा तिचा एक हेतू होता. संघटनेचे ‘द लॅडर’ हे मासिक ऑक्टोबर १९५६ पासून निघू लागले आणि १९७२ पर्यंत चालले. समाजाला मान्य होईल असा वेश व वर्तन ठेवण्याचा पुरस्कार संघटनेच्या उद्दिष्टांतच नमूद होता. लिलियन फॅडरमन यांनी ‘ऑड गर्ल्स अँड ट्वायलाइट लव्हर्स’ (१९९१) या ग्रंथात दाखवल्याप्रमाणे, या मतभेदास वर्गीय बाजू होती. शिक्षिका वा कार्यालयीन कर्मचारी असलेल्या स्त्रीला ओळख लपवणे शक्य होते आणि गमावण्यासारखे तिच्याजवळ बरेच होते.

या वादातील एक विलक्षण हस्तक्षेप लॉरेन हॅन्सबेरी यांचा आहे. पुढे ‘अ रेझिन इन द सन’ (१९५९) या नाटकामुळे विख्यात झालेल्या या कृष्णवर्णीय लेखिकेने १९५७ मध्ये केवळ आद्याक्षरांनिशी ‘द लॅडर’ला पत्र लिहिले. आपल्याच समाजबांधवांना प्रतिष्ठित वर्गास रुचेल असे वागण्याचे धडे देणारे लोक त्यांनी लहानपणापासून पाहिले होते. म्हणून हा उपाय व्यवहार म्हणून समजण्यासारखा असला, तरी अंतिम ध्येय म्हणून उथळ आहे, असे त्यांनी सुचवले. माणसाचा छळ होतो तो तो वेगळा असतो म्हणून, वाईट असतो म्हणून नव्हे, हा त्यांच्या म्हणण्याचा गाभा होता.

तरीही सभ्यतेचा आग्रह कायम राहिला. फिलाडेल्फियातील इंडिपेंडन्स हॉलसमोर १९६५ ते १९६९ या काळात दरवर्षी ४ जुलै रोजी निदर्शने होत. त्यांत पुरुषांनी कोट-टाय आणि स्त्रियांनी झगा वा स्कर्ट घालावा, असा दंडक होता. ज्यांच्या पोशाखामुळे छापे पडत, त्यांनाच त्यांच्या हक्कांच्या निदर्शनात पोशाख बदलावा लागत होता.

७. स्त्रीवादी टीका

२८ जून १९६९ रोजी न्यूयॉर्कच्या स्टोनवॉल इन या बारवरील छाप्याला झालेल्या प्रतिकारानंतर चळवळीची भाषा बदलली. १ मे १९७० रोजी ‘रॅडिकलेस्बियन्स’ या गटाने न्यूयॉर्क येथील स्त्रीवादी परिषदेत ‘द वुमन-आयडेंटिफाइड वुमन’ हा जाहीरनामा वाटला. पुरुषप्रधान व्यवस्थेने लादलेल्या भूमिका नाकारणे, हा या विचाराचा पाया होता. या निकषावर बुच पुरुषाची नक्कल करणारी आणि फेम पुरुषी नजरेसाठी सजणारी ठरली. मार्टिन व लायन यांच्या १९७२ मधील ‘लेस्बियन/वुमन’ या ग्रंथातही या भूमिकांकडे जुन्या अज्ञानाचे अवशेष म्हणून पाहिले गेले. चौकटीचा शर्ट, जीन्स आणि आखूड केस हा नवा, ‘भूमिकाविरहित’ वेश रूढ झाला. प्रत्यक्षात तोही एक गणवेशच होता.

या टीकेत तथ्यांश नव्हता, असे नाही. भूमिका निवडण्याची सक्ती, बारमधील मारामाऱ्या आणि मद्यासक्ती यांची नोंद बफेलोच्या कथनांतही आहे. ऑड्री लॉर्ड यांनी ‘झामी’ (१९८२) या आत्मचरित्रात्मक ग्रंथात १९५० च्या दशकातील ग्रीनिच व्हिलेजचे वर्णन करताना, आपण दोन्हींपैकी कोणत्याही साच्यात बसत नव्हतो, असे सांगितले आहे. सौंदर्याचे मापदंड गोऱ्यांचे असताना कृष्णवर्णीय स्त्रीला फेम म्हणून मान्यता मिळणे अवघड होते, हा त्यांचा मुद्दा स्त्रीवादी टीकेपेक्षाही नेमका आहे. मात्र लॉर्ड स्वतः त्या खोलीत उपस्थित होत्या. जाहीरनाम्यांनी ती खोलीच इतिहासाबाहेर ढकलली.

८. अभिलेखागार आणि पुनर्लेखन

न्यूयॉर्कमध्ये १९७४ साली ‘लेस्बियन हर्स्टरी आर्काइव्ह्ज’ची स्थापना झाली. जोन नेसल व डेबोरा एडेल यांच्या मॅनहॅटनमधील राहत्या घरात हा संग्रह जवळपास दोन दशके होता. पुढे लोकवर्गणीतून ब्रुकलिनमध्ये घेतलेल्या वास्तूत तो १९९३ मध्ये खुला झाला. विद्यापीठाच्या स्वाधीन न होता समुदायात राहणे आणि पदवी वा प्रतिष्ठा न पाहता सर्वांना प्रवेश देणे, ही त्याची तत्त्वे. बारमधील छायाचित्रे, पत्रे आणि ध्वनिफिती येथे जपल्या गेल्या. मेबल हॅम्प्टन यांचे कथन याच संग्रहात आहे.

नेसल (जन्म १९४०) स्वतः १९५० च्या दशकाच्या अखेरीस फेम म्हणून बारमध्ये वावरलेल्या. १९८१ मध्ये ‘हेरेसिस’ या नियतकालिकातील लेखात त्यांनी बुच-फेम नाती ही नक्कल नसून लैंगिक धैर्याची उदाहरणे होती, असे ठामपणे मांडले. बर्नार्ड महाविद्यालयात २४ एप्रिल १९८२ रोजी झालेल्या परिषदेत या प्रश्नाची चर्चा झाली, तेव्हा बाहेर निदर्शने झाली आणि लैंगिक भूमिकांना उत्तेजन दिल्याचा आरोप सहभागी स्त्रियांवर झाला. १९९२ मध्ये नेसल यांनी संपादित केलेल्या ‘द पर्सिस्टंट डिझायर’ या संकलनात फेम स्त्रिया प्रथमच मोठ्या संख्येने स्वतःच्या शब्दांत बोलल्या. आपण कोणाच्या तरी सोबतीने दिसणारी सावली नव्हतो, आपली निवड जाणीवपूर्वक होती, हे त्यांचे म्हणणे होते.

१९९३ हे वर्ष या दृष्टीने लक्षणीय आहे. केनेडी व डेव्हिस यांचा ग्रंथ आणि बफेलोतच वाढलेल्या लेस्ली फाइनबर्ग (१९४९–२०१४) यांची ‘स्टोन बुच ब्लूज’ ही कादंबरी एकाच वर्षी प्रसिद्ध झाली. पुढे ज्युडिथ हॅल्बरस्टॅम यांच्या ‘फीमेल मॅस्क्युलिनिटी’ (१९९८) या ग्रंथाने स्त्रीच्या पुरुषत्वाला स्वतंत्र अभ्यासविषय केले. एकेकाळी बुच म्हणवणाऱ्यांपैकी काहींनी नंतर पारलिंगी ही ओळख स्वीकारली. त्यामुळे भूतकाळातील एखाद्या व्यक्तीस आजच्या कोणत्या संज्ञेने संबोधावे, हा वाद निर्माण झाला. तिने स्वतःसाठी वापरलेला शब्द प्रथम नोंदवावा आणि आजची संज्ञा हे आपले विश्लेषण आहे हे स्पष्ट ठेवावे, हाच इतिहासकाराचा मार्ग योग्य होय.

९. निष्कर्ष

१. बुच व फेम या संज्ञा कामगारवर्गीय स्त्रियांनी आपल्या गरजेतून घडवलेल्या सामाजिक संज्ञा होत्या. वैद्यकाच्या वर्गीकरणाशी त्यांचे साम्य असले, तरी आशय भिन्न होता.

२. त्यांना झालेला विरोध केवळ वैचारिक नव्हता. त्यामागे वर्ग, वर्ण आणि सामाजिक प्रतिष्ठा यांचे ताण होते.

३. वैद्यक, पोलीस व चळवळ यांनी दृश्य चिन्हांनाच पुरावा मानले. त्यामुळे बुचचा इतिहास शिक्षेच्या नोंदींत उरला आणि फेमचा इतिहास नोंदीविना राहिला.

४. मौखिक इतिहास येथे पूरक साधन न राहता मूळ साधन ठरतो. स्मृतीत चुका होतात, हे मान्य करूनही तीन वस्त्रांच्या नियमासारखी स्मृती त्या काळच्या भीतीचा विश्वसनीय पुरावा देते.

बुचला छळ सोसावा लागला, कारण ती दिसत होती. फेम विस्मृतीत गेली, कारण ती दिसत नव्हती. रस्त्यावर मात्र त्या दोघी एकत्र चालत होत्या. त्या दोघींना एकत्र पाहणारा इतिहास लिहिला गेला, तो त्या स्त्रियांना बोलते करणाऱ्यांनी वेळीच ध्वनिमुद्रण केले म्हणून. बफेलोतील वा हार्लेममधील त्या पिढीतील बहुतेक स्त्रिया आज हयात नाहीत. ज्यांचे आवाज टिपले गेले नाहीत, त्यांच्या बाबतीत आता कोणतेही संशोधन ती उणीव भरून काढू शकणार नाही.